झेलीच्या कानातला वारा

शेतिकाँ, केप ब्रेटन. सोमवार, २७ फेब्रुवारी १९८९.
सुएत वारा अजून सुरूच आहे. कोठाराच्या दाराचं बिजागर निखळलं. सकाळी मिस्साला गेले नाही. सोंगांसाठी काकवीची बिस्किटं केली, दोन डबे भरले. वेदीच्या गालिच्याची निळी किनार वीतभर पुढे सरकली. हात दुखतात. दुपारी फिलोमेन येऊन गेली. ती म्हणते, वारा रात्रीच पडला.

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर झेली उठून खिडकीपाशी गेली. समोर फिलोमेनच्या धुराड्यातून धूर काठीसारखा सरळ वर चालला होता. कुंपणावरचा टॉवेल हलतसुद्धा नव्हता. झेलीच्या कानात मात्र सुएत डोंगरावरून घोंगावत उतरत होता, छपराचे पत्रे ओढत होता, आणि थांबायचं नाव घेत नव्हता.

दुसऱ्या कुठल्या गावची बाई असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती की माझ्या कानाला काहीतरी झालंय. पण त्या किनाऱ्यावर सुएत आला की छपरं उडतात, माणसं दोन-दोन दिवस एकमेकांशी ओरडून बोलतात, आणि घोंगावण्याचं कुणाला काही वाटत नाही. झेली आपली म्हणत राहिली, यंदा वाऱ्याने कहर केला.

दुपारी फिलोमेन आत आली तेव्हाही झेली तिच्यावर ओरडलीच होती, "दार लाव गं, वारा आत येतोय!"

"कसला वारा? आणि ओरडतेस कशाला वहिनी, मी काय होडीत बसलेय?"

"मग बिजागर काय आपोआप निखळलं?"

"ते कालचं. माझ्या भावाने ठोकलेलं बिजागर इतकी वर्षं टिकलं, आणखी किती टिकायला हवंय तुला?"

फिलोमेन ही झेलीच्या नवऱ्याची, प्लासीदची बहीण. तिने लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, भाऊ-भावजयीची भांडणं फुकटात ऐकायला मिळत होती, मग स्वतःचा खर्च कशाला? प्लासीद गेल्यापासून दोघी नणंदा-भावजया एकाच चौकटीवर गालिचे विणत. ताणून बसवलेलं गोणपाट, हातात आकडा, आणि खालून लोकरीचा एकेक फास वर ओढायचा. झेली अर्धं आयुष्य हे करत आली होती. तिच्या बोटांची पेरं आता आल्याच्या गड्ड्यांसारखी झाली होती.

बोटांचं तिला एवढं वाटत नव्हतं. भीती होती ती डोक्याची.

तिची आई शेवटी शेवटी रात्रीच्या झग्यातच गावभर फिरायची आणि आपल्याच अंगणात उभी राहून विचारायची, "इथे एक घर होतं, ते कुठे गेलं?" झेलीने तिला हाताला धरून आत आणलेलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. म्हणून दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं झालं आणि हॅलिफॅक्सच्या गोदीत काम करणाऱ्या मुलाने, आन्सेल्मने, चर्चमागच्या वृद्धाश्रमात तिचं नाव घातलं, तेव्हा ती भांडली नाही. तिने फक्त अट घातली. फिलोमेनला साक्षीला बसवून म्हणाली, "जोवर माझं डोकं ठिकाणावर आहे, तोवर मी या घरात राहणार. ज्या दिवशी नसेल, त्या दिवशी मी स्वतः पेटी भरीन. तुला सांगायलासुद्धा लागणार नाही." झेली सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होती. दिलेला शब्द मोडणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि आता ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाल्यापासून काहीतरी निसटत होतं. ती तळघरात उतरायची आणि कशासाठी उतरली ते विसरायची. जपमाळेचे मणी मध्येच हरवायचे. एके पहाटे तर त्या वाऱ्याच्या आत तिला कॉन्व्हेंटचं हार्मोनियम ऐकू आलं, आणि त्यावर सिस्टरांचं संध्याकाळचं भजन, अगदी दुसऱ्या ओळीवर सिस्टर सें-पॉल बेसूर व्हायच्या त्या बेसुरासकट. ती उठून रेडिओ बंद करायला गेली. रेडिओ बंदच होता. तिने त्याची वायर भिंतीतून काढली. भजन चालूच राहिलं. खरं सांगायचं तर ते गोडही वाटलं, आणि म्हणूनच तिने दोन्ही हातांनी कान दाबले.

यातलं तिने कुणालाही काही सांगितलं नाही. रोजवहीतसुद्धा लिहिलं नाही.

*

उपासकाळाच्या मध्यावर गावात मिकारेम येतो. चाळीस दिवसांच्या उपासात तेवढाच एक आठवडा हसायची मोकळीक. संध्याकाळ झाली की सोंगं निघतात. पुरुष बायकांचे घागरे चढवतात, बाया मासेमारांचे मेणकापडी कोट. तोंडावर उशीचा अभ्रा नाहीतर मुखवटा, आणि हात ओळखू येऊ नयेत म्हणून हातमोजे. ठरलेल्या घरांतून माणसं भिंतीला खुर्च्या लावून वाट बघत बसतात. सोंग आलं की ओळखायचं. ओळखलं की त्याने मुखवटा काढायचा आणि खायला बसायचं.

झेलीचं स्वयंपाकघर हे असं एक ठरलेलं घर होतं, कारण झेलीसारखं ओळखणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. ओसरीवर पाऊल वाजलं की तिला नाव कळायचं. ती म्हणायची, "आवाज चोरता येतो, चाल चोरता येते, पण बसताना माणूस आपल्या बापासारखाच बसतो." पण त्यातही एक रीत होती. दारातच नाव घेणं हा उद्धटपणा. बिचाऱ्याने तासभर खपून सोंग घेतलेलं असतं. म्हणून कळलं तरी न कळल्यासारखं करायचं, चुकीची दोन-तीन नावं घ्यायची, त्याला नाचवायचं, मग हळूच खरं बोलायचं. झेली हे फार छान करायची.

गुरुवारी संध्याकाळी घर भरलं होतं. आन्सेल्म सणाला येणार होता, पण त्याची गाडी अजून दिसली नव्हती. पहिली सोंगं आली आणि झेलीला कळलं की आज आपल्याला काहीच कळत नाही. ओसरीवरची पावलं वाजलीच नाहीत. माणसं तोंडं हलवत होती आणि वाऱ्याच्या पलीकडून कुठूनतरी थोडेथोडे शब्द येत होते. घाम आला होता. समोरचे मुखवटे धुक्यातून आल्यासारखे जवळ यायचे आणि लांब जायचे.

"बोला झेलीमावशी, कोण ही बया?" शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी तिच्या गुडघ्याला हात लावून विचारलं.

"सांगते की. घाई कसली? आली नाही तोवर घालवून द्यायची का?"

"बघा, याला म्हणतात रीत!"

तिने दोन नावं चुकीची घेतली. लोक हसले. तिसरं चुकीचं घेतलं. लोक आणखी हसले. झेलीला वाटलं, बरं आहे, हे असंच निभेल. एरवी ती सगळं कळून न कळल्याचं सोंग करायची. आज खरोखरच कळत नव्हतं, आणि तेही लोकांना सोंगच वाटत होतं.

मग एक उंच सोंग आलं. अंगावर घोड्याचं कांबळं, डोक्यावर अभ्रा, पायात बायकी बूट. ते थेट झेलीच्या समोर आलं, कमरेत वाकलं, तिच्याभोवती नाचलं, आणि तिच्या पुढ्यात स्टुलावर पाय फाकवून बसलं. सगळं घर आनंदाने श्वास रोखून बघत होतं.

"पोस्टातला सिमाँ," झेली म्हणाली.

हशा.

"मग त्याचा भाऊ."

भिंतीला टेकलेल्या बाया एकमेकींवर पडल्या. सोंगालाच आता राहवेना. त्याने अभ्रा ओढून काढला. पन्नाशीला आलेला, टक्कल पडू लागलेला, हसून लाल झालेला एक पुरुष झेलीकडे बघत होता. झेलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा चांगला होता. कुठेतरी पाहिल्यासारखा होता.

"चेहरा तर देखणा आहे," ती मायेने म्हणाली. "कुणाचा रे तू, बाळा?"

घर फुटेल की काय असा हशा उसळला. लोक टेबलावर हात आपटत होते. आन्सेल्मच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आई, तू म्हणजे ना! मुखवटा काढला तरी सोडत नाहीस!"

'आई' हा शब्द वाऱ्यातून आला आणि झेलीला एकदम सगळं दिसलं. तीही हसली. मोठ्याने हसली.

चुलीपाशी फिलोमेन बटाट्याच्या सारात पळी धरून उभी होती. ती हसत नव्हती.

*

सकाळी फिलोमेन मागच्या दाराने आली. आन्सेल्म वर झोपला होता.

"काल तू त्याला ओळखलं नाहीस."

झेली फिशकेकसाठी बटाटे कुस्करत होती. फिलोमेन पुढे येऊन टेबलाच्या त्या बाजूला उभी राहिली आणि तेच पुन्हा म्हणाली.

"चेष्टा केली गं."

"आत्ता मी दारातून हाक मारली, ती ऐकलीस?"

"कान गेले असतील. वय झालं."

"कान गेले तरी डोळे आहेत ना? त्याने अभ्रा काढला होता, वहिनी."

झेलीच्या हातातला चमचा थांबला. मग ती खुर्चीवर बसली आणि जे पंधरा दिवस मूग गिळून दाबलं होतं ते सगळं बाहेर आलं. वारा, तळघर, भजन. फिलोमेन ऐकत राहिली. शेवटी नाक पुसून म्हणाली, "हे बघ, मी नणंद आहे, पोलीस नाही. मी कुणाला बोलणार नाही. रोज सकाळी येईन, रात्री चूल विझवून जाईन. तो परवा हॅलिफॅक्सला जाईल. त्याला काय कळतंय?"

"आणि साक्षीला कोण बसलं होतं?"

"मी. म्हणून तर म्हणते, साक्षीदारच विसरला तर खटला कसला?"

झेलीला हसू आलं, आणि क्षणभर तिला ते पटलंही. हे घर, ही चूल, खिडकीतून दिसणारं फिलोमेनचं धुराडं. एवढंच तर तिला हवं होतं. मग तिला आईचा तो झगा आठवला, आणि आपण स्वतः तिच्या मागे धावत असू ते. आपल्यामागे कोण धावणार? सत्तरी ओलांडलेली फिलोमेन, बर्फातून?

"शब्द मी दिला होता, फिलोमेन. तू नुसता ऐकला होतास."

आन्सेल्म खाली आला, फिशकेक आणि बिटाचं लोणचं घेऊन बसला. झेलीने त्याला अर्धं खाऊ दिलं.

"काल मी तुला ओळखलं नाही."

"आई, पुरे गं. पोट दुखेपर्यंत हसलोय काल."

"आन्सेल्म. मी तुला ओळखलं नाही."

त्याने काटा खाली ठेवला. आधी तो फिलोमेनकडे बघत राहिला, ती काहीतरी चेष्टा करील या आशेने. फिलोमेनने तोंड फिरवलं. तेव्हा त्याला जिन्याखाली ठेवलेली पेटी दिसली, पट्टा आवळलेली.

"आधी डॉक्टरकडे जाऊ," तो ताट बाजूला सारून म्हणाला. "वृद्धाश्रमालाही डॉक्टरचं पत्र लागतंच."

*

दवाखान्यातली डॉक्टर कोर्मिए शेजारच्याच खाडीवरची, कोळ्याची मुलगी. तिने झेलीला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. झेली दुसऱ्याच वजाबाकीला अडखळली. आन्सेल्म भिंतीवरचं चित्र बघत राहिला.

"धावत आलात का, मादाम?"

"गाडीतून आले."

"मग एवढा श्वास का लागलाय?"

झेलीला माहीतच नव्हतं की आपल्याला श्वास लागलाय. डॉक्टरने छाती तपासली, पाठ तपासली, मग समोर येऊन, ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, "कानात काही वाजतं?"

"वारा," झेली म्हणाली. आणि आन्सेल्मकडे न बघता, "आणि वाऱ्यात सिस्टर लोक गातात."

डॉक्टर हसली नाही. "गोळ्या कोणत्या घेता?"

"एकच. हृदयाची. ती छोटी पिवळी."

"हातांसाठी काही?"

"काही नाही."

"काही नाही?" सोबत आलेली फिलोमेन खुर्चीवरून उठलीच. "ॲस्पिरिन मटार खाल्ल्यासारखी खाते, डॉक्टर! गालिचा हातात घेतल्यापासून तर विचारूच नका."

"ते औषध थोडंच आहे?" झेलीला अपमान वाटला. "ते ॲस्पिरिन आहे. मिठाशेजारी असतं."

तिच्या घरात ते खरंच मिठाशेजारी असायचं. तिच्या आईच्या घरातही. औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतो ते. ॲस्पिरिन म्हणजे हात अडला की तोंडात टाकायची गोष्ट. सकाळी चौकटीवर बसण्याआधी, दुपारी पुन्हा, आणि मध्ये बोट वळेनासं झालं की तेव्हा. वेदीचा गालिचा ईस्टरला अंथरायचा होता, आणि बोटं यंदा फार वेळा वळेनाशी झाली होती.

डॉक्टरने पिवळ्या गोळीची बाटली मागून घेऊन वाचली. "हीसुद्धा ॲस्पिरिनच आहे, मादाम. लहान." मग तिने नाक वर केलं. खोलीत मघापासून बामासारखा उग्र गोड वास भरून होता. "आणि हा वास?"

झेलीने हातमोजे काढले. आत फ्लॅनेलच्या पट्ट्या होत्या, विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या तेलात भिजवलेल्या. गेले कित्येक दिवस ती त्या रात्रंदिवस बांधून ठेवत होती, चुलीजवळ बसून, ऊब लागली की बरं वाटायचं म्हणून.

"तेही त्याच घराण्यातलं," डॉक्टर म्हणाली. "कातडीतून आत जातं."

"म्हणजे यामुळे?" आन्सेल्म एकदम पुढे झुकला.

"थांबा. मला अजून माहीत नाही. मेंदूत रक्ताची गाठ असू शकते. तुम्हाला ज्याची भीती वाटते आहे तेही असू शकतं, मादाम, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ॲस्पिरिन लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण वय झालं की मूत्रपिंडं मंदावतात, त्यात उपासाचं अर्धपोटी जेवण आणि पाणी कमी, मग ते बाहेर पडत नाही, अंगात साठत जातं. आधी कान वाजतात. ते कुणी सांगितलं तर तिथेच थांबतं. फार साठलं तर क्वचित डोक्यावर जातं. तुम्ही कानांचं कुणालाच का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, वारा आहे," झेली म्हणाली. आणि हातमोजे मांडीवर ठेवत, "नंतर कळलं की नाही. मग भीती वाटली."

त्याच गाडीतून तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. पेटी भरलेली होतीच. रक्ताच्या अहवालात ॲस्पिरिनच निघालं, डॉक्टरला वाटलं होतं त्याहून जास्त.

*

रुग्णालयात तिच्या हाताला सलाईन लागलं होतं. पहिले काही दिवस तिला पुढे फारसे आठवले नाहीत. मग एका सकाळी ती जागी झाली आणि तिला एका गाडीच्या चाकाची किरकिर ऐकू आली. नर्सच्या सपाता. कुणीतरी खोकलं. पलंगाखालून गरम नळीचा ठकठक आवाज. वारा नव्हता. ती स्तब्ध पडून राहिली आणि भजनाची वाट बघू लागली. दुसऱ्या ओळीवर सिस्टर सें-पॉल चुकतील म्हणून. कुणी गायलं नाही. तिला जरा रडू आलं, आणि कशाचं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली, डावा पाय किंचित घासत टाकलेली.

"आन्सेल्म, बूट पुसून ये," ती दाराकडे न बघता म्हणाली.

दारात कुणी आलं नाही. बऱ्याच वेळाने नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग तो आला.

ईस्टरच्या आधी ती घरी परतली. डॉक्टर कोर्मिएने पुन्हा वजाबाकी घातली आणि झेलीने ती थेट दोनपर्यंत नेली. आता हृदयाची गोळी दुसरी होती. हातांसाठी वेगळी, सौम्य गोळी होती, आणि ती मोजूनच घ्यायची. तेल बंद. हात दुखायचे. आकडा धरला की अर्ध्या तासात बोटं दगड व्हायची. गालिच्याची उरलेली किनार फिलोमेनने विणली, आणि तिचे फास ढिले पडले.

"हे काय विणलंयस, मासे पकडायला?"

"ही बाजू भिंतीकडे ठेवू."

"देवाला दिसेल."

"देव समोरून बघतो, वहिनी. तुझ्यासारखा खाली वाकून नाही बघत."

एप्रिलात आन्सेल्मचा फोन आला. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती, समुद्राकडची. आठवड्याभरात कळवायचं होतं. नाही म्हटलं तर नाव यादीत सगळ्यात खाली जाणार.

"हात अजून तसेच आहेत ना गं?" त्याने विचारलं. "झाकणं उघडतात का तुला?"

"नाही उघडत. फिलोमेन उघडते."

"मग काय सांगू त्यांना?"

झेलीने खिडकीतून बाहेर बघितलं. खाडीतला बर्फ फुटून दूर चालला होता. त्याचे तुकडे एकमेकांवर घासल्याचा आवाज तिला बंद खिडकीतून ऐकू येत होता.

"सांग की डोकं ठिकाणावर आहे. हातांबद्दल मी शब्द दिला नव्हता."

"आणि अट?" त्याने विचारलं.

"अट आहे तशीच आहे. पण कान वाजले की आता आधी तुला फोन करीन."

"आणि मी विचारीन, वारा सुटलाय का?"

"आधी फिलोमेनच्या धुराड्याकडे बघीन, मग सांगीन," झेली म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने रोजवहीत लिहिलं: पुढच्या हिवाळ्याचं लाकूड आलं. मेपल ओलं आहे. घराच्या दक्षिणेला, उन्हात रचायला सांगितलं.